सहावा पेला

रात्रीची जेवणं आटोपून नवरा-बायको संगणकासमोर बसलेत. सुट्टी पक्की झाली आहे: मायामीहून निघायचं, कॅरिबियन समुद्रात सात रात्री. केबिनचे पैसे भरून झाले आणि पडद्यावर नवा चौकोन उघडला. रोजची एक ठरावीक रक्कम भरा, मग बारवर जाऊन हवं ते, हवं तेवढं प्या. नवऱ्याला संध्याकाळी दोन-तीन पेले आवडतात, बायको दारूला शिवत नाही. तो फक्त स्वतःच्या नावापुढे खूण करतो आणि पुढे जायला बघतो. संगणक जाऊ देत नाही. एका केबिनमधल्या एका प्रौढाने पॅकेज घेतलं, तर त्या केबिनमधल्या दुसऱ्या प्रौढालाही ते घ्यावंच लागतं.

रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल या अमेरिकेतल्या दोन बड्या क्रूझ कंपन्यांचा हा नियम आहे. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो सरळसरळ अडवणुकीचा वाटला. मग कुतूहलापोटी त्याच्या मागे लागलो आणि त्या एका ओळीमागे केवढा विचार उभा आहे हे पाहून थक्क झालो. गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत अर्थशास्त्राने आणि मानसशास्त्राने माणसाच्या हावेबद्दल, भीतीबद्दल, हिशेबाबद्दल जे शोधलं, त्यातलं कितीतरी या पेयांच्या पॅकेजात मुरलेलं आहे.

वरवरचं कारण कोणालाही सुचेल. पॅकेज एकाने घ्यायचं आणि प्यायचं दोघांनी, हे कंपनीला थांबवायचं आहे. कार्ड एकाच्या नावाचं असलं तरी पेला हातातून हातात जातो. २०२४च्या जानेवारीत पाण्यावर आलेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे रॉयल कॅरिबियनचं जहाज ३६५ मीटर लांब आहे, त्याला २० डेक आहेत आणि त्यात ७,६००पर्यंत प्रवासी मावतात. एवढ्या गर्दीत कोण कुणाच्या पेल्यावर नजर ठेवणार?

पण खरं कारण याहून खोल आहे. ‘हवं तेवढं’ अशी पाटी लावली की सगळ्यांत आधी कोण येतं? खानावळीत अमर्याद थाळी सुरू झाली की पहिल्या पंगतीला तालमीतले पैलवान येऊन बसतात. अर्धी पोळी खाणारे आजोबा त्या वाटेला जात नाहीत. खानावळवाल्याने दर ठरवताना चारचौघांची भूक डोळ्यांपुढे धरलेली असते आणि पाटावर बसलेले सगळे पैलवान. तोटा होतो म्हणून तो दर वाढवतो. दर वाढला की बेताचं खाणारे जे थोडे येत होते तेही यायचे थांबतात. पुन्हा तोटा, पुन्हा दरवाढ. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन ही घसरण उलगडून दाखवली आणि २००१ साली त्यांना नोबेल मिळालं. जुन्या मोटारीच्या सौद्यात विकणाऱ्याला गाडीतली खोट ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. जहाजाच्या बारवर बाजू उलटते. पिणाऱ्याला आपली तहान ठाऊक असते, विकणाऱ्याला नसते.

ही घसरण पुस्तकातच राहते असं नाही. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली अडीच लाख डॉलरला पहिल्या वर्गाचा अमर्याद पास विकायला काढला, तोही आयुष्यभराचा. घेणारे मोजकेच निघाले. पण त्यांतल्या काहींनी इतका प्रवास केला की पुढे कंपनीला तो पास अतिशय महाग पडला. ज्याला खूप उडायचं होतं त्यानेच तो घेतला होता.

आता तो केबिनचा नियम पुन्हा वाचून पाहा. पैलवान जेवायला येणार असेल तर त्याने आजोबांनाही पंगतीला बसवायचं आणि त्यांच्या ताटाचे पूर्ण पैसे द्यायचे. नुसते तहानलेले वेचून येतात ही अकरलॉफ यांनी दाखवलेली अडचण त्या एका ओळीत बरीचशी सुटते. कार्निव्हलने याच्या जोडीला दुसरा बांधही घातला आहे: सकाळी ६ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ६ या चोवीस तासांत दारूचे १५च पेले. म्हणजे ‘हवं तेवढं’ यालाही काठ आहे, फक्त तो बहुतेकांना दिसतच नाही इतका लांब आहे.

दुसरा प्रश्न मला याहून मोहक वाटतो. जेवण भाड्यात येतं, नाटक-गाणी भाड्यात येतात, पोहण्याचे तलाव भाड्यात येतात. साधं पाणी, साधा चहा-कॉफी, लिंबू सरबत हेही येतं. मग दारूच का वेगळी?

याचं उत्तर समुद्रापासून दूर, डिस्नीलँडच्या फाटकाशी सापडतं. १९७१ साली वॉल्टर ओई या अर्थशास्त्रज्ञांनी डिस्नीलँडच्या दरांवर एक लेख लिहिला. ओई दृष्टी गमावलेले होते, आणि लाखो लोक ज्या झगमगाटाकडे नुसते बघत राहत त्याच्या आतला सांगाडा त्यांना स्वच्छ दिसला. प्रश्न साधा होता. जत्रेच्या मालकाने फाटकावर पैसे घ्यावेत की पाळण्यावर? पाळणा महाग केला तर लोक कमी बसतील. स्वस्त केला तर लोक भरपूर बसतील, जास्त खूश होतील, आणि त्या खुशीपोटी फाटकावरच जास्त पैसे द्यायला तयार होतील. म्हणजे मालकाच्या हातात दोन दर असतात आणि त्यांचा मेळ बसवण्यात सगळं कौशल्य असतं. डिस्नीलँड त्या काळी फाटकावर प्रवेश आणि आत खेळांच्या तिकिटांची पुस्तकं विकत असे. ‘ए’ तिकीट साध्या खेळांचं, ‘ई’ तिकीट सर्वांत भारी खेळांचं. १९८२ साली ती पुस्तकं बंद झाली आणि एकच प्रवेश, बाकी सगळे खेळ त्यात, अशी पद्धत आली.

क्रूझचं तिकीट म्हणजे फाटक, पेला म्हणजे पाळणा. समुद्रात गेलेल्या जहाजावर समोरच्या गल्लीत दुसरा बार नसतो. घरून न्यायचं म्हटलं तर रॉयल कॅरिबियन चढण्याच्या दिवशी प्रत्येक प्रौढाला ७५० मिलीलिटर वाइनची एक सीलबंद बाटली नेऊ देते, त्यापुढे नाही. वाटेतल्या बेटावर घेतलेली रमची बाटली जहाजावर चढताना ठेवून घेतात आणि सफर संपताना परत देतात. अशा बंदिस्त जगात पाळण्याचा दर कितीही लावता येतो, म्हणून फाटक स्वस्त ठेवणं परवडतं. या कंपनीच्या उत्पन्नातला साधारण ३० टक्के भाग तिकिटातून येतच नाही. तो बार, जुगारघर, किनाऱ्यावरच्या सहली, इंटरनेट अशा प्रवासात होणाऱ्या खर्चातून येतो. म्हणजे न पिणारा प्रवासी स्वस्त तिकिटावर फिरतो, त्याच्या तिकिटातला काही वाटा शेजारच्या केबिनमधला पिणारा उचलत असतो. पॅकेज ही या दोन दरांच्या मधली तिसरी पायरी आहे, पाळण्यासाठीचं दुसरं फाटक.

दारू आणि क्रूझ यांचं नातं तसं जुनंच. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने क्युनार्ड कंपनीच्या खटल्यात निकाल दिला की अमेरिकेच्या सागरी हद्दीत परदेशी जहाजांनाही दारू बाळगता येणार नाही. हद्दीबाहेर मात्र हा कायदा लागू नाही. मग न्यूयॉर्कहून अशा सफरी निघू लागल्या ज्यांना कुठल्याच बंदराला जायचं नसे. हद्द ओलांडायची, बार उघडायचा, दोन-चार दिवसांनी परत यायचं. या सफरींना नावच ‘कुठेही न जाणारी सफर’ असं पडलं होतं. जहाजाने काय गाठायचं तर एक न दिसणारी रेघ, हे वाचून मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

आता गणित. पॅकेजचा दर प्रत्येक जहाजाला, प्रत्येक सफरीला, खरेदीच्या प्रत्येक दिवसालाही वेगळा असतो, म्हणून समजायला एक दर धरू. रोजचे ८० डॉलर, वर १८ टक्के टिप. कॉकटेलचा एक पेला १४ डॉलर, त्यावरही १८ टक्के. पुष्कळजण या १८ टक्क्यांनी गोंधळतात, पण ती दोन्ही बाजूंना सारखीच आहे, म्हणून हिशेबातून उडते. ८०ला १४ने भागा, उत्तर येतं ५.७१. पाचव्या पेल्यापर्यंत पॅकेज तोट्यात, सहाव्यापासून फायद्यात. बिअर ९ डॉलरची असेल तर हाच उंबरठा नवव्या बिअरवर जातो.

पण दिवसाचा हिशेब फसवा आहे, कारण पॅकेज सगळ्या रात्रींचं घ्यावं लागतं. सात रात्रींचे ५६० डॉलर, म्हणजे आठवड्याचे बरोबर ४० पेले. कॅरिबियन सफरीत चार दिवस कुठल्या ना कुठल्या बंदरात जातात असं धरा. त्या दिवशी सकाळी उतरलेला माणूस संध्याकाळी परत येतो, आणि किनाऱ्यावरच्या टपरीत पॅकेज चालत नाही. (रॉयल कॅरिबियनच्या स्वतःच्या बेटावर, बहामातल्या कोकोकेवर, त्या कंपनीचं पॅकेज चालतं.) बंदराच्या दिवशी तीन पेले झाले तर चार दिवसांचे १२. उरले २८, तेही समुद्रावरच्या तीन दिवसांत. म्हणजे त्या प्रत्येक दिवशी नऊहून अधिक. सहाचा सोपा वाटणारा आकडा एवढ्यात दहापाशी जाऊन पोचला. आणि केबिनमध्ये पिणारा एकच असेल तर दोघांचे १६० डॉलर एकट्याने वसूल करायचे, म्हणजे रोजचे बारा.

शाळेतल्या भागाकाराने सुटणारं हे गणित. तरी इतकी हुशार माणसं ते चुकतात. इथून मानसशास्त्राचा प्रांत सुरू होतो आणि मला सगळ्यांत जास्त नवल याच भागाचं वाटतं.

रिक्षात बसल्यावर नजर कुठे असते? रस्ता सुंदर असला तरी मीटरवर. प्रत्येक आकडा पडताना पोटात बारीकसं काहीतरी होतं. ड्राझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन या दोन संशोधकांनी १९९८ साली या कळीचा नीट अभ्यास मांडला. त्यांनी लोकांना विचारलं, कपडे धुण्याचं आणि वाळवण्याचं यंत्र घ्यायचंय, हप्ते आधी भराल की नंतर? बहुतेकांनी नंतर सांगितलं. मग विचारलं, एक आठवडा सुट्टीला जायचंय, हप्ते आधी की नंतर? इथे निम्म्याहून जास्त लोकांनी आधी भरू म्हटलं. व्याजाच्या हिशेबाने हे उलटंच आहे, पण मनाच्या हिशेबाने अगदी बरोबर. पैसे आधीच गेले की सुट्टी फुकट वाटते. आणि त्यांनी प्रश्नात घेतलेली सुट्टी कुठली होती? कॅरिबियनमधली एक आठवड्याची. पॅकेज विकणारा मुळात मीटर झाकून देतो, आणि त्याला खरोखर किंमत आहे. न मोजता पिण्याचं सुख हे सुखच आहे, त्याला मी कमी लेखत नाही. फक्त त्याची किंमत वेगळी लावावी, पेल्यांच्या हिशेबात मिसळू नये.

पैसे आधी भरल्यावर आणखी एक गोष्ट घडते. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांनी ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात एक प्रयोग केला आणि तो १९८५ साली छापला. नाटकांच्या हंगामाची तिकिटं घ्यायला आलेल्यांपैकी काहींना, चिठ्ठी काढल्यासारखी, पूर्ण दराने म्हणजे १५ डॉलरला, काहींना १३ला आणि काहींना ८ला दिली. तेच नाट्यगृह, त्याच खुर्च्या, तीच नाटकं. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे भरलेल्यांनी जास्त नाटकं पाहिली. दुसऱ्या अर्ध्यात फरक पुसला गेला. पैसे ‘वसूल’ करण्याची ओढ माणसाला थिएटरात नेते आणि काही महिन्यांत विरते. क्रूझला मात्र महिने नसतात, सातच दिवस असतात. ती ओढ विरण्याआधीच सफर संपते. ज्याला दोन पेल्यांत आनंद होता तो पाचवा पेला मागवतो, चवीसाठी नाही, हिशेबासाठी. आपण एसटीचा ‘आवडेल तेथे कोठेही प्रवास’ पास काढला की पाठ मोडेपर्यंत बस बदलत फिरतो, तसंच हे. फरक इतकाच की जास्त गावं पाहिली तर पदरात काहीतरी पडतं.

आपण किती वापरू याचा आपला स्वतःचा अंदाजही कच्चा असतो. स्टेफानो डेलाव्हिग्ना आणि उलरिके माल्मेंडियर यांनी अमेरिकेतल्या तीन व्यायामशाळांतल्या ७,७५२ सदस्यांच्या नोंदी तपासल्या आणि २००६ साली निष्कर्ष मांडले. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे सदस्य महिन्यात सरासरी ४.३ वेळाच येत होते. म्हणजे एका खेपेला १७ डॉलरहून जास्त. दहा खेपांचं कार्ड त्याच दारात मिळत होतं, खेपेला १० डॉलरने. माणसाने विकत घेतलं होतं ते स्वतःबद्दलचं एक चित्र, रोज व्यायाम करणाऱ्या स्वतःचं. सुट्टीआधी पॅकेज घेताना आपण असंच चित्र विकत घेतो: तलावाकाठी पडून आहोत, हातातला पेला कधी रिकामा होत नाही.

त्या चित्रात यकृत नसतं. अमेरिकेत एक पेला म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असं धरतात, साधारण ३५० मिली बिअर, १५० मिली वाइन किंवा ४५ मिली व्हिस्कीत असतं तेवढं. यकृत तासाला साधारण एवढंच निवळतं आणि त्याला घाई करता येत नाही, ना कॉफीने, ना थंड पाण्याच्या आंघोळीने. सहा पेले म्हणजे ८४ ग्रॅम आणि सहा तासांचं काम. कार्निव्हलचे १५ पेले म्हणजे २१० ग्रॅम. चोवीस तासांतले पंधरा तास यकृत राबत राहणार. अमेरिकी सरकारच्या २०२० ते २०२५ या काळासाठीच्या आहारसूचनांत पुरुषांना दिवसाला जास्तीत जास्त दोन आणि बायकांना एक अशी मर्यादा सांगितली होती, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या जानेवारीत स्पष्ट केलं की दारूचं कुठलंच प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही. जिथे आहारसूचनांची मर्यादा दोनवर संपते तिथे पॅकेजचा फायदा सहावर सुरू होतो. या दोन आकड्यांमधलं अंतर मला या साऱ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. त्यात भर म्हणजे दारू शरीरातलं पाणी धरून ठेवणारं संप्रेरक दाबते आणि कॅरिबियनचं ऊन वरून पाणी खेचतं.

मग घ्यावं कुणी? दर बघण्याआधी एक कागद घ्या. मागच्या सुट्टीत, पेल्यागणिक पैसे देत असताना, दिवसाला खरोखर काय काय घेतलं होतं ते लिहा. दारूच नव्हे, वेगळ्या प्रकारची कॉफी, सोडा, ताजा रस, पाण्याची बाटली, बिनदारूचं कॉकटेल, सगळं. पॅकेजात हेही येतं आणि बऱ्याचजणांचा खरा खर्च इथेच असतो. ज्याला दारू नको त्याच्यासाठी बिनदारूचं, खूपच स्वस्त पॅकेज वेगळं असतं. कागदावरचा आकडा पॅकेजच्या वर जात असेल तर जरूर घ्या. थोडा खाली असेल आणि न मोजण्याचं सुख तेवढ्या फरकाचं वाटत असेल तरी घ्या. पण ‘घेतलं तर पिऊ’ असं मनात आलं तर तिथेच थांबा. गरोदरपण, औषधं असं कारण असेल तर केबिनच्या नियमाबद्दल कंपनीला फोन करून विचारावं. आणि घ्यायचंच ठरलं तर निघण्याआधी संकेतस्थळावर घ्या, जहाजावर ते सहसा महाग असतं. दर पुढे उतरला तर निघण्याआधी आधीची खरेदी रद्द करून नव्या दराने घेता येते.

बारमागे उभ्या असलेल्या माणसाचीही आठवण ठेवा. गोव्यातल्या कितीतरी घरांत एखादा तारवटी असतो, महिनोन् महिने दर्यावर राहून घर चालवणारा, आणि या जहाजांवर पेला पुढे करणारा हात अनेकदा त्याचाच असतो. १८ टक्के टिप बिलात आधीच धरलेली असते, तरी त्याच्याशी दोन शब्द आपल्या भाषेत बोललात तर त्याचा चेहरा उजळतो.

संगणकासमोर बसलेल्या त्या दोघांचा कागद असा होईल. नवऱ्याचे रोज तीन पेले आणि एक भारी कॉफी, ४७ डॉलर. बायकोची ५ डॉलरची एक कॉफी, बाकी लिंबू सरबत, जे फुकटच आहे. टिपेसकट सात दिवसांचे ४२९ डॉलर ५२ सेंट. दोघांचं पॅकेज टिपेसकट १,३२१ डॉलर ६० सेंट. त्यांनी तो चौकोन बंद करावा आणि पेल्याचे पैसे पेल्यागणिक द्यावेत.